मुंबईच्या घरात बोरन्हाण: काय आणायचं, किती आणायचं, डोक्यावरून काय ओतायचं

बोरन्हाण, म्हणजे लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचा सोहळा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. हा काळ दरवर्षी सारखा नसतो. संक्रांत सूर्यावर ठरते आणि रथसप्तमी तिथीवर, माघ शुद्ध सप्तमीला. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीला आली, म्हणून जेमतेम अकरा दिवस मिळाले. २०२७ मध्ये ती १३ फेब्रुवारीला आहे, म्हणजे जवळजवळ महिना हाताशी आहे. एवढी सवड असेल तर पहिलाच रविवार धरायचा हट्ट नको. बाळाला सर्दी आहे, नुकतीच लस टोचली आहे, दात येताहेत, तर खुशाल पुढे ढकला. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत, मात्र बहुतेक घरांत टाळतात.

सगळ्या तयारीला एकच नियम लावा: बोरन्हाण ज्याचं आहे त्याच्या वयाकडे पाहून सामान ठरवू नका, खोलीत येणाऱ्या सगळ्यात लहान मुलाकडे पाहून ठरवा. उत्सवमूर्ती आईच्या मांडीवर असते, तिच्यावर दहा जणांचं लक्ष असतं. खाली सांडलेलं वेचायला मात्र शेजारचं दीड वर्षाचं पोरही बसतं, आणि वेचलेलं थेट तोंडात जातं.

आपल्या परंपरेतल्या यादीत बोरं, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, तिळगूळ, साखरेचा काटेरी हलवा, बत्तासे असतात. अलीकडे त्यात लिमलेटच्या गोळ्या आणि चॉकलेटं आली. यांतले शेंगदाणे, घाट्यांतले दाणे, हलवा, गोळ्या, बोराची बी आणि उसाचे लहान तुकडे चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. त्या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते आणि तोंडात घास घेऊन पळण्याची सवय असते. म्हणून सामानाचे दोन भाग करा. एक ओतायचा, दुसरा ताटात मांडायचा.

ओतायला चुरमुरे, झेंडूच्या पाकळ्या, थोडे बत्तासे आणि कागदात गुंडाळलेली लहान बिस्किटांची पुडकी. दहा-बारा मुलं असतील तर पाव किलो चुरमुरे भरपूर होतात. ते दिसायला इतके येतात की मोठं पातेलं भरतं, तेव्हा किलोभर आणून ठेवू नका. बत्तासे पंधरा-वीस पुरेत. बोरांशिवाय बोरन्हाण कसलं, हे खरंच आहे, म्हणून अकरा बोरं मोजून घ्या आणि शेवटी अकराच्या अकरा परत मोजून उचला. बाजारात मोठी ॲपल बोरं सहज मिळतात, पण ती डोक्यावर लागतात. लहान चण्यामण्या बोरं हलकी असतात, तीच घ्या, आणि डोक्यावरून न ओतता बाळाच्या मांडीवर हळूच सोडा. उसाचे चार बोटं लांबीचे तुकडे सोलून, शेंगा आणि घाटे यांच्यासह ताटात ठेवा. ते ताट टेबलावर, मुलांच्या हाताला येणार नाही असं. जमलेली सगळी मुलं पाचच्या पुढची असतील तर शेंगा ओतायला हरकत नाही. फुगे सजावटीलाही टाळलेले बरे. फुटलेल्या रबराचा तुकडा घशाला चिकटतो, तो काढणं फार कठीण जातं.

हलव्याचे दागिने दादरला रानडे रोडवर आणि गिरगावात तयार मिळतात. ठाणे-डोंबिवलीतही डिसेंबरअखेरीस दुकानं भरतात. मुलासाठी मुकुट, हार, बाजूबंद, मनगटी आणि हातात धरायला बासरी. मुलीसाठी मुकुट किंवा बिंदी, हार, बांगड्या, कंबरपट्टा. घेताना दागिना उलटा करून पाहा. मागे सुती कापडाचं अस्तर नसेल तर हलव्याचे काटे मानेला टोचतात आणि बाळ पाच मिनिटांत हार ओढून काढतं. तसा आवडला असेलच तर घरी जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी मागे टाकून घ्या. गळ्यात घट्ट गाठ नको. मागे वेल्क्रो किंवा सैल बंद असावा, म्हणजे ओढल्यावर सुटतो. वर्षाच्या आतल्या बाळाला कानातलं आणि नथ घालूच नका, मुकुट आणि हार पुरे. दागिने डिंकाने चिकटवलेले आणि दोऱ्यात गुंफलेले असतात. ते खायचे नसतात, हे जमलेल्या मोठ्या मुलांनाही आधीच सांगा.

मुंबईच्या दमट हवेत हलव्याला पाणी सुटतं आणि दागिना चिकट होतो. आणल्यापासून तो कोरड्या स्टीलच्या डब्यात, बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढताच त्यावर दव धरतं. घालायच्या वेळीच डबा उघडा. कपडे काळे, कारण पांढरा हलवा त्यावर उठून दिसतो आणि थंडीत काळा रंग ऊब धरतो. मुंबईत जानेवारीतही दुपारी चांगलाच उकाडा असतो, म्हणून झबलं किंवा परकर-पोलकं सुतीच हवं. नेट आणि सॅटिन अंगाला खाजतं आणि निरांजनाजवळ धोक्याचंही असतं.

वेळ बाळाच्या झोपेवर ठरवा. दुपारची झोप झाल्यावर, पोट भरल्यावर अर्ध्या तासाने बाळ सगळ्यात प्रसन्न असतं. बहुतेक घरांत ती वेळ संध्याकाळी पाच ते सहाच्या आसपास पडते. पाहुण्यांना पाचला बोलवा आणि पावणेसहाला सुरू करा. विरारहून किंवा पनवेलहून येणाऱ्यांची गाडी चुकली तरी थांबू नका, त्यांना हळदीकुंकू आणि फराळ आहेच. बाळ मात्र साडेसहापर्यंत टिकत नाही.

मांडामांड सोपी आहे. सतरंजी, तिच्यावर जुनी डबल बेडची चादर, मधोमध पाट. सतरंजी हवीच, कारण नुसत्या टाइल्सवर चुरमुऱ्यांवरून मुलं घसरतात. रांगोळी पाटाभोवती न काढता दारात किंवा देवापुढे काढा, नाहीतर ती चुरमुऱ्यांत मिसळते आणि तोंडात जाते. औक्षणाच्या ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि निरांजन.

क्रम असा ठेवा. पंखा बंद करा, म्हणजे ज्योत विझत नाही आणि चुरमुरे उडत नाहीत. बाळाला आईच्या किंवा आजीच्या मांडीवर घेऊन पाटावर बसवा; दोन वर्षांपुढचं मूल आनंदाने एकटं बसतं. दागिने अगदी शेवटी, बसल्यावर घाला. पाच सवाष्णींनी औक्षण करायचं असेल तर ज्योत बाळापासून हातभर लांब राहू दे. लहान मुलं ज्योतीकडे झडप घालतात. औक्षण झालं की निरांजन लगेच उचलून देवघरात न्या, मगच ओतायला सुरुवात करा. ही एक गोष्ट घाईत हमखास राहते.

ओतणारी व्यक्ती बाळाच्या मागे किंवा बाजूला उभी राहावी. समोरून ओतलं की डोळ्यांत जातं, आणि वरून अचानक काहीतरी येतंय हे पाहून बाळ दचकतं. लहान वाटीने, डोक्यापासून वीतभर उंचीवरून, आधी थोडे चुरमुरे खांद्यावर. बाळ हसलं तर डोक्यावरून. रडलं तर तिथेच थांबा, एक वाटी मांडीवर ओतली तरी बोरन्हाण पूर्ण होतं. पुन्हा पुन्हा बसवून फोटोसाठी ओतत राहणं बाळावर अन्याय आहे. दोन दिवस आधी हातावर, मग बाहुलीवर चुरमुरे ओतून खेळ केला तर पुष्कळ मुलं घाबरत नाहीत. मोठ्या चुलत भावंडाला आधी पाटावर बसवण्याचाही उपयोग होतो. हे सगळं दहा मिनिटांत आटपतं, मग पंखा लावा.

वेचणं हा मुलांचा खरा आनंद. प्रत्येकाला कागदी पिशवी द्या आणि तीन वर्षांखालच्यांना पालकासोबत बसवा. वेचलेलं घरी जाऊन उघडायचं, असं सांगा.

तिळगूळ चिक्कीच्या गुळाचा केला तर कडक होतो. मुलांसाठी दोन वाट्या तीळ खमंग भाजून, गार करून मिक्सरमध्ये भरड वाटा, त्यात एक वाटी किसलेला साधा गूळ, चमचाभर तूप आणि वेलची घालून पुन्हा एकदा फिरवा आणि लाडू वळा. पाक नसल्याने ते तोंडात विरघळतात. ज्या बाळाने तीळ किंवा दाणे आधी कधी खाल्ले नाहीत, त्याला गर्दीत त्याच दिवशी पहिल्यांदा देऊ नका. ॲलर्जी उठली तर लक्षात यायला उशीर होतो. त्या दिवशी मऊ उपमा आणि केळं पुरे.

एक मोठं माणूस फक्त लक्ष ठेवायला नेमा, त्याच्या हातात फोन नको. ठसका लागलेलं मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली येईल असं हातावर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. वर्षापुढच्या मुलाला पाठीत पाच थापा आणि बेंबीच्या वर पाच दाब. वस्तू बाहेर येईपर्यंत आळीपाळीने हेच करत राहा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

शेवटी चादरीची चारही टोकं उचला, सगळं एका ठिकाणी जमतं. बोरं मोजा. सोफ्याखाली आणि टीव्हीच्या मागे टॉर्च मारून पाहा, कारण रांगणारं बाळ तिथेच आधी पोहोचतं. बत्ताशाच्या चुऱ्याला रात्रीत मुंग्या लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसा. उरलेले चुरमुरे ओल्या कचऱ्यात टाका, खिडकीतून कबुतरांना नको.