हवामान बदल शिकवायचाय? बाटली, पट्टी आणि गोठा

आठवी ते दहावीच्या वर्गात हवामान बदलाची सुरुवात हिमनगांपासून करू नका. सांगली-साताऱ्यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी ऊस, द्राक्षबाग नाहीतर दावणीला जनावर आहे. तिथूनच मोजमाप सुरू करा.

पहिली गाठ सोडवायची ती अशी: यंदा पाऊस लांबला म्हणून हवामान बदललं, असं होत नाही. हवामान ठरवायला किमान ३० वर्षांच्या नोंदी लागतात. आपल्या तालुक्याच्या जून ते सप्टेंबरच्या नोंदी तालुका कृषी कार्यालयात मागा. अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ आहे. आलेख कागदावर दर वर्षाला दोन खांब काढायला लावा: एक एकूण पावसाचा, दुसरा पावसाच्या दिवसांचा (२.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस). एका दुपारी ६० मिमी पडला तर माण तालुक्यातल्या मुरमाड रानातून बराचसा वाहून जातो. तेवढाच सहा दिवसांत पडला तर मुरतो. कारणही इथेच सांगा: हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पडताना जोरात पडतो, आणि उघडीप पडली की तीच तापलेली हवा रानातली ओल जास्त ओढते.

पर्जन्यमापक मुलांनीच बनवावा. सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली घ्या. कंगोरे असलेली नको. निमुळता भाग सुरू होतो तिथे कापा आणि तोच भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूड उंचसखल असतं, म्हणून तळाशी खडे घालून सरळ भिंत लागेपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण, वर मिलिमीटरची पट्टी. वाचन रोज सकाळी ८.३० ला, हवामान खात्याच्या वेळेला. नंतर पाणी परत शून्याच्या खुणेवर आणा. उघडीप असताना तळाचं पाणी उडून जातं आणि पुढच्या पावसाचं वाचन कमी येतं. बहुतेक घोटाळे यातूनच होतात. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब बाटली ठेवा आणि वाळूच्या बादलीत रोवा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागांचा पट्टीचा खेळ छान रंगतो. एक दिवस म्हणजे २ मिमी असं धरून २४ सेंमीची कागदी पट्टी कापा. हे फळछाटणीनंतरचे (द्राक्ष धरण्यासाठी वेल छाटल्यानंतरचे) १२० दिवस. त्यावर ढोबळ टप्पे रंगवा: ८ ते १५ दिवस पोंगा (डोळे फुटून कोंब निघणं), ३५ ते ४५ फुलोरा, ७५ च्या पुढे मण्यात पाणी उतरणं (मणी मऊ पडून गोडी भरू लागणं), शेवटी काढणी. (वाण आणि थंडीप्रमाणे हे मागेपुढे होतं.) दुसऱ्या लांब पट्टीवर त्याच मापाने सप्टेंबर ते मार्चचा खरा पाऊस मांडा. आता छाटणीची पट्टी सरकवा. छाटणी सप्टेंबरात धरली तर पोंगा परतीच्या पावसात सापडतो आणि ओल्या पानावर डाऊनी हा बुरशीसारखा रोग धावतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि घडकूज. पाणी उतरल्यावर झाला तर मणी तडकतात. उशिरा छाटली तर थंडीत मणी फुगायला वेळ लागतो. एकच पाऊस एका बागेला झोपवतो आणि शेजारच्या बागेला फारसं काही करत नाही, हे मुलं पट्टी सरकवताना स्वतःच बोलून दाखवतात.

गोठ्यात तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजा. साधा डिजिटल आर्द्रतामापक सावलीत, गाईच्या डोक्याच्या उंचीला टांगा. पत्र्याला चिकटवू नका. दुपारी २ ला वाचा आणि मांडा:

ताण निर्देशांक = ०.८ × तापमान + (आर्द्रता ÷ १००) × (तापमान − १४.४) + ४६.४

७२ च्या वर गेला की संकरित गाईला ताण सुरू होतो. जतमधली ३८ अंश, २५ टक्क्यांची दुपार ८२.७ देते. शिराळ्याची २९ अंश, ८० टक्क्यांची दुपार ८१.३. नऊ अंश थंड असूनही फरक जेमतेम, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. जोडीला कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे गाय तापली. दुधाची घट बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणून डेअरीची पावती त्याच दिवसाच्या निर्देशांकाशी जोडू नका. खिल्लार उन्हाला जास्त टिकते. म्हशीची काळी कातडी आणि कमी घामग्रंथी तिला डबक्याकडे नेतात. कोंदट गोठ्यात वारा नसताना पाणी फवारलं तर दमटपणा वाढून उलट त्रास होतो. तिथे आधी पंखा.

बरणीत सोडा-व्हिनेगर घालून कार्बन डायऑक्साइडची ऊब दाखवायचा प्रयोग टाळा. झाकलेली बरणी तापते ती मुख्यतः आतली गरम हवा बाहेर पडत नाही म्हणून. वायूचा परिणाम त्यात वेगळा दिसत नाही. जनावरांच्या रवंथातला मिथेन आणि युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड मात्र लपवू नका. शेती झळ सोसते, थोडी भरही घालते.

कृष्णेच्या पुराचा प्रश्न वर्गात येणारच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. सगळं खापर तापमानवाढीवर फोडू देऊ नका. फळ्यावर चार रकाने आखा: पाणलोटात पडलेला पाऊस, धरणांतला विसर्ग, नदीपात्रालगतची बांधकामं, आणि तापलेल्या हवेने वाढवलेला पावसाचा जोर. प्रत्येक रकान्याला पुरावा कुठला, तो कुणाकडे मागायचा, हे मुलांनी लिहायचं.