रविवारची चिठ्ठी

आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द. रविवारी चहानंतर नात डोळे मिटून एक काढते आणि तो शब्द आठवडाभर फ्रिजवर चिकटलेला राहतो. त्यावर घरातल्या प्रत्येकाने काहीतरी लिहायचं.

चिठ्ठ्या करताना 'प्रेम', 'पाऊस', 'आई' टाकू नका. ते आले की घरातले सगळे कवी होतात. हातात धरता येतील असे शब्द घ्या: अडकित्ता, चिमटा, किल्ली. नाहीतर अनेक अर्थांचे. 'पाट' निघाला तेव्हा मी जेवणाच्या पाटावर लिहिलं, नातीने शेतातल्या पाटात कागदी होडी सोडली आणि सूनबाईने पाट लावलेल्या एका विधवेची गोष्ट अशी वाचली, की माझा चहा गार झाला. 'वार' त्याहून बेरकी! सोमवारातला, तलवारीचा, नऊवारीतला आणि बाळंतिणीचाही.

लगेच लिहायला बसू नका. शब्द दोन-तीन दिवस मुरू द्या. गुरुवारी दहा मिनिटं, घड्याळ लावून, खोडरबर लपवून लिहा. शब्द एकदा तरी यायलाच हवा, पण पहिल्या ओळीत नको. अडलात तर त्या वस्तूलाच बोलू द्या. आमचा अडकित्ता सुपारीची माफी मागत बसला होता.

शनिवारी मोठ्याने वाचायचं. 'छान' म्हणायला बंदी. कुठली ओळ लक्षात राहिली, तेवढंच सांगायचं. माझी बहुतेक वेळा कुणालाच आठवत नाही, पण डबा माझा आहे.