कुस्को पायी बघताना: ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी

पेरूला जाणाऱ्या मराठी ग्रुपच्या कार्यक्रमात कुस्को शहराच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दुपार येते. सगळं लक्ष माचू पिच्चूवर. त्या दुपारी ‘सिटी टूर’ म्हणून जे विकलं जातं ती बसची फेरी असते: कोरिकांचा (इंकांचं सूर्यमंदिर) दाखवतात, मग बस शहराबाहेर साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा आणि तांबोमाचाय या इंका अवशेषांकडे नेतात आणि अंधार पडता पडता परत आणतात. जुन्या शहराच्या गल्ल्या त्यात येतच नाहीत. इंकांची ही राजधानी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे ती मुख्यतः या गल्ल्यांसाठी, आणि त्या गाइडबरोबर पायीच बघाव्या लागतात. बुकिंग करताना ‘वॉकिंग टूर’ आणि ‘सिटी टूर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एजंटकडून नीट वदवून घ्या.

चालायचं अंतर जास्त नाही. अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे ठाणे स्टेशनहून निघून तलावपाळीला फेरी मारून राम मारुती रोडने परत येण्याएवढं. अडचण उंचीची आहे.

कोणत्या दिवशी चालायचं

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्कोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण दोन तृतीयांशच मिळतो. समुद्रकाठच्या लिमाहून विमान तासा-दीड तासात थेट या उंचीवर आणून सोडतं आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. रोज उपवनहून येऊर चढणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काही होणार नाही. तसं नसतं. येऊरमुळे पाय आणि दम तयार होतो, त्याचा फायदा सान ब्लास या टेकडीवरच्या वस्तीच्या पायऱ्यांवर नक्की होतो. पण उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून होत नाही. पंचविशीतला मॅरेथॉनवाला आडवा होतो आणि त्याची आई मजेत फिरते, असं सर्रास घडतं.

उत्तम क्रम असा: कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न थांबता गाडीने थेट खाली, उरुबांबा (सुमारे २,८७० मीटर) किंवा ओयांतायतांबोला (सुमारे २,७९० मीटर) जावं. तिथे दोन रात्री काढाव्यात, तिथूनच माचू पिच्चू (२,४३० मीटर) करावं आणि मग कुस्कोत यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला निघावं. तिकिटांमुळे कुस्कोतच आधी राहावं लागलं, तर पहिला दिवस झोप, पाणी आणि हॉटेलजवळच्या सपाट रस्त्यावर थोडी चक्कर, एवढंच. चालण्याचा कार्यक्रम तिसऱ्या दिवसावर टाका.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, घ्यायचं का हे निघायच्या दोन-तीन आठवडे आधी ठाण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारा. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास किंवा इतर गोळ्या चालू असतील तर निर्णय डॉक्टरांचाच. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. पायी फेरीत ही दुसरी गोष्ट आधी लक्षात घ्या. निघण्याआधी हॉटेलात जाऊन या, सुटी नाणी आणि टिश्यू खिशात ठेवा, आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते गाइडला सुरुवातीलाच विचारून घ्या.

डोकं जड होणं, भूक मरणं, झोप न लागणं हे पहिल्या एक-दोन दिवसांत चालतं. बसल्या जागी धाप लागत असेल, तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर फेरी तिथेच सोडून दवाखाना गाठायचा आणि लवकरात लवकर खाली उतरायचं. ‘थोडं बसला की बरं वाटेल’ म्हणून थांबणं धोक्याचं आहे.

हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. तिथे तो कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही. पण ती पानं, टी-बॅग किंवा कोकाच्या गोळ्या भेट म्हणून घरी आणू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं आणि ‘चहाच आहे’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. पुदिन्याच्या वळणाचा मुन्याचा चहा मागा, तोही पोटाला छान. आणि पेरूहून परतताना भारतात यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस सरकारमान्य केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी.

गाइड कसा निवडावा

‘फ्री’ वॉकिंग टूर म्हणजे फुकट नव्हे, शेवटी टिप द्यायची असते. या फेऱ्या दोन-अडीच तासांच्या असतात, सीझनमध्ये पंचवीस-तीस जणांचा घोळका होतो आणि तिकीट लागणाऱ्या कुठल्याही जागेत त्या आत जात नाहीत. वाटेत चॉकलेटचं दुकान किंवा पिस्कोचा बार हमखास लागतो. पहिल्या दोन दिवसांत पिस्कोचा घोटही घेऊ नये. उंचीवर दारू त्रास वाढवते. एकट्या-दुकट्या तरुण माणसाला ही फेरी चालेल.

सहा-सात जणांचं कुटुंब असेल, त्यात आई-बाबा साठीच्या पुढचे असतील, तर खासगी गाइडच घ्या. विभागून खर्च फार येत नाही, आणि थांबायचं कुठे, किती वेळ, हे तुमच्या हातात राहतं. प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात हातात अल्बम घेऊन मागे लागणाऱ्यांकडून बुकिंग करू नये. अधिकृत गाइडकडे फोटोचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागा. खरा गाइड त्याचा राग धरत नाही. भाषा कोणती, किती जण, कोणती तिकिटं धरलेली आहेत आणि मधे दुकानं किती, एवढं लेखी विचारून घ्या.

तिकिटांचा घोळ इथेच निस्तरा. ‘बोलेतो तुरिस्तिको’ या एकत्रित तिकिटात साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो वगैरे येतं, पण कोरिकांचा आणि कॅथेड्रल येत नाहीत. त्यांची तिकिटं दारावर वेगळी. गंमत अशी की कोरिकांचाचं छोटं भूमिगत संग्रहालय मात्र बोलेतोत येतं, त्यामुळे लोक मंदिराच्या दारात ते तिकीट दाखवून अडकतात. रविवारी कोरिकांचा दुपारीच उघडतं आणि सकाळी चौकात ध्वजारोहण, संचलन चालतं, तेव्हा रविवार टाळलेला बरा.

मार्ग: चढून की उतरून?

नेहमीची फेरी चौकाच्या आसपास सुरू होऊन सान ब्लासच्या टेकडीवर संपते, म्हणजे सगळा चढ शेवटी, पाय थकल्यावर. आमचं स्पष्ट मत: वयस्कर मंडळी असतील तर हे उलटं करावं. खासगी गाइडला सांगून सकाळी साडेआठच्या सुमारास टॅक्सीने सान ब्लासच्या छोट्या चौकात उतरा (टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवायचं) आणि तिथून खाली चालत या: सान ब्लास, आतुन रुमियोक गल्ली, प्लासा दे आर्मास, लोरेतो गल्ली, कोरिकांचा. तेच शहर, तेवढंच अंतर, पण दम बराच कमी लागतो.

ट्रेकचा नियम इथेही लावा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला गाइडच्या लगेच मागे ठेवा, शेवटी नको. बोलणं थांब्यावर, चढावर नाही. वीसेक मिनिटांनी दोन घोट पाणी.

गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या, फुटपाथ एका माणसापुरता. समोरून कोणी आलं की लोक सहज रस्त्यावर उतरतात आणि मागून टॅक्सी येते. उतरण्याआधी मागे बघायची सवय लावा. झिजलेले दगड पावसात साबणासारखे होतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, त्यात जानेवारी-फेब्रुवारी जोरात. मे ते सप्टेंबर कोरडा. बूट खोल खाचांच्या सोलचे आणि आधी महिनाभर वापरलेले हवेत. जून-जुलैत रात्री तापमान शून्याजवळ जातं आणि अकरा वाजता टी-शर्टवर यावं लागतं, म्हणून एकच जाड जॅकेट नको, तीन पातळ थर घ्या. ऊन थंड वाटतं पण भाजतं: टोपी, गॉगल, ५० एसपीएफचं सनस्क्रीन.

भिंत कशी वाचावी

फेरीचा खरा गाभा हा आहे. गाइड राजांची नावं सांगत असताना नजर भिंतीवर ठेवा.

लोरेतो गल्लीत उभे राहा. चौकाकडे पाठ केली की डावीकडची लांब भिंत आक्यावासीची, म्हणजे सूर्यसेवेसाठी निवडलेल्या स्त्रियांच्या वाड्याची. उजवीकडे आमारुकांचा हा इंका वाडा, त्याच्या जागी आता जेझुइटांचं चर्च आहे. डावीकडचे दगड आडव्या ओळींत बसवलेले, चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगडाचा दर्शनी भाग मधे किंचित फुगीर आणि कडांना आत वळवलेला, त्यामुळे सांध्यात बारीक सावली पडते. तिरपं ऊन असेल तेव्हा ही सावल्यांची जाळी स्पष्ट दिसते. भर दुपारी भिंत सपाट वाटते. वर जाताना दगडांच्या ओळी बारीक होत जातात आणि पूर्ण भिंत आत कललेली असते. फोन भिंतीलगत पण स्पर्श न करता उभा धरून बघा, कल लगेच कळतो. काही दगडांवर छोटे उंचवटे दिसतील. ते दगड उचलताना-सरकवताना पकड मिळावी म्हणून ठेवलेले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता नजर वर न्या. एका रेषेपासून दगड ओबडधोबड होतात, मधे चुना-माती येते, मग पांढरा गिलावा. ती स्पॅनिश काळाची रेष. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत वरचं ढासळलं, खालचं बव्हंशी टिकलं. आत झुकलेली भिंत, खाली रुंद वर अरुंद अशी दारं-कोनाडे आणि एकमेकांत अडकवलेले दगड, यामुळे हादरा बसला की दगड जरासे हलतात आणि पुन्हा जागेवर बसतात. कोरिकांचावर उभारलेल्या सांतो दोमिंगो मठाचा बराच भाग १९५० मध्ये पडला आणि आतल्या इंका भिंती उघड्या झाल्या. तिथे गेल्यावर बाहेरची गोल वळणारी काळसर भिंत चुकवू नका. वळणावरही सांधा तितकाच घट्ट आहे.

आतुन रुमियोकची तऱ्हा वेगळी. हा इंका रोका या राजाचा वाडा, आता आर्चबिशपांचा. इथे ओळी नाहीत. हिरवट डायोराइटचे मोठे बहुकोनी दगड, प्रत्येकाचा आकार शेजाऱ्याप्रमाणे घडवलेला. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड याच भिंतीत आहे. हात लावायचा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एकाने त्यावर हातोडीने घाव घातले, त्याच्या खुणा आहेत. फोटोसाठी रांग लागते, तेव्हा फोटो झटपट काढा आणि दोन्ही बाजूंचे दगड बघा. बारा कोन एकट्या दगडाचे नसतात, शेजाऱ्यांचे कोपरे त्यात बसतात म्हणून ते आहेत.

जायच्या आधी एखाद्या रविवारी अंबरनाथच्या शिवमंदिराला जाऊन या. १०६० सालचं, आपल्या काळ्या बेसॉल्टचं. दगड एकमेकांवर कसे बसवलेत, भार कुठून कुठे उतरतो हे तिथे शांतपणे बघितलं, तर कुस्कोत गाइडला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

चौकात

प्लासा दे आर्मास म्हणजे इंकांचं हाउकायपाता, तेव्हा आतापेक्षा मोठं. कॅथेड्रलचं काम जवळपास शंभर वर्षं चाललं, १६५४ मध्ये पुरं झालं. त्यासाठी दगड साक्सायवामानहून काढून आणले. आत फोटोला बंदी. मार्कोस सापाता या चित्रकाराचं अठराव्या शतकातलं ‘अखेरचं भोजन’ हे चित्र शोधा: ताटात कुई, म्हणजे तिथला गिनिपिग, मांडलेला आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूला १८ मे १७८१ रोजी याच चौकात मारलं. गाइडने हे गाळलं तर आवर्जून विचारा, कारण हे शहर त्याला विसरलेलं नाही.

इंका कुस्को प्यूमाच्या आकारात वसवलं होतं असं जवळजवळ प्रत्येक गाइड सांगतो. ऐकायला छान आहे, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. परग्रहवासीयांनी भिंती बांधल्या असं कोणी सुरू केलं, तर खाणीतून दगड कसा आणत, कशाने घडवत, हे विचारून गाडी रुळावर आणा.

अल्पाकाचं पिल्लू घेऊन बसलेल्या बायकांचा फोटो काढायचा तर आधी विचारा आणि पैसे ठरवा. मेअखेरीस किंवा जूनमध्ये कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुका आणि २४ जूनला इंती राइमी हा सूर्याचा उत्सव असतो. त्या दिवसांत चौक भरलेला असतो आणि रस्ते बंद होतात, तेव्हा पायी फेरी दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे करा.

टिप सुट्या सोलमध्ये (पेरूचं चलन) द्या, मोठ्या नोटेचे सुटे गल्लीत मिळत नाहीत. फेरी संपल्यावर पोटभर जेवू नका, उंचीवर पचन मंदावतं. किनुआचं सूप आणि चीज घातलेलं मक्याचं कणीस पुरे. शाकाहारी असाल तर फक्त ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण ‘कार्ने’ म्हटलं की तिथे बरेच जण कोंबडी धरत नाहीत आणि सूपही बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो’ (मांस, कोंबडी, मासे आणि कोंबडीचं पाणी यांशिवाय) असं एका चिठ्ठीवर गाइडकडून स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि पुढच्या सगळ्या हॉटेलांत तीच दाखवा.