इंग्रजीच्या तासासाठी नेटवर साहित्य शोधताना

सर्चमध्ये 'इंग्लिश वर्कशीट ग्रेड सिक्स' टाकलं की ढीगभर पानं समोर येतात आणि त्यातली बहुतेक मराठी माध्यमाच्या सहावीला निरुपयोगी असतात. कारण साधं आहे. 'ग्रेड सिक्स' म्हणजे अमेरिकेतली सहावी. तिथलं मूल घरी, बसमध्ये, मैदानावर इंग्रजीच बोलतं, त्याला शाळेत फक्त लिहिणं-वाचणं पक्कं करायचं असतं. आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे खरं, पण बऱ्याच मुलांच्या कानावर ते पडतं त्या एका तासापुरतं. त्यामुळे शोधताना इयत्ता टाकूच नये, पातळी टाकावी.

परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी युरोपात ठरवलेल्या सहा पातळ्या जगभर वापरतात: ए१ (सगळ्यात सोपी), ए२, बी१, बी२, सी१, सी२ (सगळ्यात अवघड). सहावी-सातवीसाठी ए१ पासून सुरुवात करावी, नववी-दहावीच्या बऱ्या वर्गाला ए२ झेपतं. सोबत 'ईएसएल' ही तीन अक्षरं टाकली की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेलं साहित्य वर येतं. एवढ्यानेच निम्मा कचरा गळतो.

शोध वह्यांपासून सुरू करा

आधी नेट उघडून 'काहीतरी छान' शोधायला बसलं की तासभर जातो आणि हाती रंगीत चित्रं लागतात. त्यापेक्षा दहा वह्या चाळा, तीच चूक तीन-चार ठिकाणी दिसली की ती कागदावर उतरवा आणि तिचं व्याकरणातलं नाव शोधा.

उदाहरणार्थ, 'ही डिड नॉट वेन्ट'. ही चूक निष्काळजीपणाची नाही, मराठीची आहे. आपण 'तो गेला' म्हणतो आणि 'तो गेला नाही' म्हणतो. नकार आला तरी भूतकाळ क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत तो 'डिड'वर सरकतो आणि 'वेन्ट'चं परत 'गो' होतं. मुलाला हे सरकणं दिसत नाही, म्हणून ते दोन्हीकडे भूतकाळ लावतं. मग शोधायचं काय, तर नुसतं 'पास्ट टेन्स' नाही, 'पास्ट सिंपल अफर्मेटिव्ह अँड निगेटिव्ह'. म्हणजे एकाच क्रियापदाची होकारार्थी आणि नकारार्थी जोडी शेजारी-शेजारी असलेली वर्कशीट मिळते, आणि सरकणं डोळ्यांना दिसतं.

'व्हाय यू आर लेट?' दिसलं तर 'वर्ड ऑर्डर इन क्वेश्चन्स'. मराठीत प्रश्न विचारताना शब्द जागा सोडत नाहीत, इंग्रजीत सोडतात. 'माय फादर इज डॉक्टर' दिसलं तर 'आर्टिकल्स विथ जॉब्स'. 'मॅरीड विथ' आणि 'डिस्कस अबाउट' या जातीच्या चुकांना 'डिपेंडंट प्रेपोझिशन्स' म्हणतात. चुकीचं नाव जितकं नेमकं, तितका शोध आखूड.

सर्चमध्ये काय टाइप करायचं

हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत. क्रम असा चालतो: पातळी, चुकीचं नाव, साहित्याचा प्रकार, शेवटी 'फाइलटाइप' हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून 'पीडीएफ'. कोलनच्या आजूबाजूला मोकळी जागा सुटली की ही खूण काम करत नाही, इथेच बहुतेकांचं बिनसतं. 'वर्कशीट'च्या जागी 'लेसन प्लॅन', 'पेअर वर्क' किंवा 'बोर्ड गेम' टाकून पाहा, वेगळंच साहित्य निघतं. एखादी साइट आवडली तर 'साइट', कोलन आणि तिचा पत्ता टाकून तिच्याच पोटात शोधता येतं. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावायचं. पिंटरेस्टच्या नावाआधी वजा लावलं तरी निकाल मोकळे होतात, कारण तिथे चित्र असतं पण मूळ फाइल बऱ्याचदा नसते.

निकाल आल्यावर 'इमेजेस' टॅबवर जा. वर्कशीट उघडून बघण्यापेक्षा वीस वर्कशीट एका नजरेत दिसतात. पण तिथलं छोटं चित्र सेव्ह करून छापू नका, झेरॉक्सवर अक्षरं फुटतात. चित्रावरून मूळ पानावर जाऊन पीडीएफ घ्यायची. पानावर दोन-तीन मोठी हिरवी 'डाउनलोड' बटणं असतील तर त्यातली बहुतेक जाहिराती असतात. उतरलेल्या फाइलच्या नावाचा शेवट 'पीडीएफ' नसून 'ईएक्सई' किंवा 'एपीके' असेल तर न उघडता पुसून टाका.

आधी घरचं, मग बाहेरचं

बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. एक गफलत मात्र नेहमी होते: 'इंग्लिश बालभारती' हे इंग्रजी माध्यमाचं पुस्तक, मराठी माध्यमाचं 'माय इंग्लिश बुक'. नववी-दहावीला हीच जोडी 'इंग्लिश कुमारभारती' आणि 'माय इंग्लिश कोर्सबुक' अशी होते. यूट्यूबवर पाठाचं नाव टाकून व्हिडिओ शोधताना हे पुस्तकाचं नाव जोडलं नाही तर दुसऱ्याच माध्यमाचा पाठ समोर येतो. उलट, इंग्रजी माध्यमाचं दोन इयत्ता खालचं पुस्तक हे जादा वाचनाचं उत्तम साहित्य आहे. छापील, तपासलेलं, आपल्याच मातीतलं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शाळांसाठीच्या सरकारी दीक्षा ॲपवर बोर्ड, माध्यम, इयत्ता निवडून पाठावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. कोड पुसट झाला असेल तर त्याखालची सहा अक्षरं-आकडे टाइप केले तरी चालतात. शाळेत रेंज नसेल तर घरून डाउनलोड करून न्या. तिथल्या साहित्याचा दर्जा मात्र कमी-जास्त आहे, वर्गात लावण्याआधी पूर्ण पाहून घ्या.

वाचनासाठी 'प्रथम बुक्स'ची गोष्टींची साइट, स्टोरीवीव्हर. इथे जरा थांबण्यासारखं आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. या पातळ्या मूल आपल्या ओळखीच्या भाषेत वाचतंय असं धरून आहेत, त्यामुळे सहावीला इंग्रजी गोष्ट द्यायची तर पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीची. मोठी मुलं 'हे बाळांचं आहे' म्हणून नाक मुरडतात, म्हणून प्राणी-बाहुल्यांच्या गोष्टींऐवजी विज्ञान, माणसं, प्रवास अशा विषयांतली पहिली-दुसरी पातळी शोधा. खरी गंमत म्हणजे एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीतही असते. इंग्रजी प्रत सगळ्यांना द्या, मराठी प्रत स्वतःकडे ठेवा. मूल अडलं की शब्दाचा अर्थ सांगण्याऐवजी त्या पानाचं मराठी वाचून दाखवा आणि 'आता यातला हा शब्द इंग्रजीत कुठे आलाय?' असं विचारा. दोन्ही प्रती ओळीला ओळ जुळतीलच असं नाही. मराठी प्रत म्हणजे पुन्हा सांगितलेली गोष्ट असू शकते, शिवाय काही अनुवाद वाचकांनीच केलेले असतात, म्हणून शुद्धलेखन आधी पाहा. गोष्टींवर 'क्रिएटिव्ह कॉमन्स बाय'चा परवाना असतो: लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव ठेवून झेरॉक्स काढायला, वाक्यं सोपी करायलाही मोकळीक आहे.

ब्रिटिश कौन्सिलच्या तीन साइट वेगवेगळ्या कामाच्या. लहानांसाठी 'लर्नइंग्लिश किड्स'. आठवीच्या पुढे 'लर्नइंग्लिश टीन्स', तिथे वाचनाचे उतारे पातळीनुसार लावलेले आहेत. आणि तासाचा आराखडा हवा असेल तर 'टीचिंगइंग्लिश'. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' छान आहे, सोबत लिहिलेला मजकूरही मिळतो, पण ते सहावीच्या डोक्यावरून जातं. ते शिक्षकांनी स्वतःच्या कानासाठी ऐकावं. गूगलचं 'रीड अलाँग' ॲप मुलाचं मोठ्याने वाचन ऐकून अडखळलेला शब्द दाखवतं आणि गोष्टी एकदा उतरवल्या की नेटशिवाय चालतं. चाळीस मुलांच्या गलक्यात मात्र त्याला काहीच कळत नाही. व्हरांड्यात एकेका मुलाला बसवा.

उच्चारांचं दुखणं

'बनियन' आणि 'पश्चिम' या दोन अर्थांचे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला गेलं तर दोन्ही 'वेस्ट'च होतात. दुखणं तिथेच आहे. आपला 'व' एकच आणि इंग्रजीतले दोन आवाज त्यात बुडतात. म्हणून शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिलेली साहित्यं उच्चारासाठी वापरू नका, ती चूक पक्की करतात. एकाच आवाजाने वेगळ्या होणाऱ्या अशा शब्दजोड्यांना 'मिनिमल पेअर्स' म्हणतात. तसं शोधून सोबत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरं टाकली की अशा जोड्यांच्या याद्या आवाजासकट मिळतात. 'यूग्लिश' या साइटवर शब्द टाकला की खऱ्या व्हिडिओंतली माणसं तो बोलताना दिसतात. ओठांकडे बघायला सांगा: एका आवाजाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. वेग कमी करून तीनदा ऐकवलं की पुरतं.

छापण्याआधी दहा मिनिटं

उत्तरं न बघता वर्कशीट स्वतः सोडवा. चुका इथेच सापडतात. सगळ्यात जास्त आढळणारी गोम म्हणजे एकाहून जास्त बरोबर उत्तरं. 'शी' नंतर गाळलेली जागा, कंसात 'गो', पुढे 'होम'. यात 'गोज', 'वेन्ट', 'इज गोइंग' सगळंच बसतं, उत्तरांत मात्र 'वेन्ट' एवढंच असतं. हुशार मूल बरोबर लिहून चूक ठरतं. वाक्यात पेनने 'येस्टरडे' घातलं की वर्कशीट सुधारली.

दुसरी गोम विचार न करता सोडवता येण्याची. दहाच्या दहा क्रियापदं 'प्ले', 'वॉक', 'जंप' अशी असली तर तिसऱ्या प्रश्नापासून मूल वाक्य वाचणं सोडतं आणि नुसतं 'ईडी' चिकटवत जातं. पूर्ण गुण मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी 'ही गोड' ('गो'ला 'ईडी') लिहून येतं. दहात चार-पाच तरी 'वेन्ट', 'एट', 'सॉ' अशी हवीत.

शब्द मोजा. कुठलेही सलग शंभर शब्द घ्या आणि वर्गातल्या मधल्या मुलाला अडतील असे शब्द अधोरेखित करा. वाचनाच्या अभ्यासकांच्या हिशेबाने मजकूर समजायला ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. पाचाहून जास्त खुणा झाल्या तर तो उतारा मुलांनी एकट्याने वाचायचा नाही. सूचना वेगळ्या पाहा, कारण कित्येकदा प्रश्न ए१ चा आणि सूचना बी१ ची असते. ती खोडून मराठीत एक ओळ लिहिली तर काही बिघडत नाही. 'सॉकर', 'फॉल', 'थँक्सगिव्हिंग', बर्फाचा माणूस, 'कलर'चं अमेरिकी स्पेलिंग हेही बदलून घ्या. आपल्या पुस्तकांत ब्रिटिश स्पेलिंग असतं, मुलं गोंधळतात.

छापताना अमेरिकी फाइल 'लेटर' मापाची असते, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणून 'फिट' न निवडता छापलं की कडेची अक्षरं कापली जातात. 'टिक द रेड बॉल' छाप प्रश्न काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर मरतात, तेव्हा आधी स्क्रीनवर फाइल काळी-पांढरी करून बघा. ए४ वर दोन प्रती आडव्या बसवल्या तर चाळीस मुलांना वीस कागद पुरतात, फक्त अक्षर बारा पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका.

एआयकडून करून घ्यायचं असेल तर

नुसतं 'वर्कशीट दे' म्हटलं तर वर सांगितलेल्या सगळ्या गोमा एकत्र येतात. त्याला पातळी सांगा, पाठातले वीस-पंचवीस शब्द द्या आणि 'याबाहेर जाऊ नको' म्हणा. प्रत्येक वाक्यात काळ दाखवणारा शब्द हवा, ब्रिटिश स्पेलिंग हवं, उत्तरं वेगळ्या पानावर हवीत, हेही सांगा. तरी यादीबाहेरचा शब्द शिरतो, एखादं वाक्य थोड्या फरकाने पुन्हा येतं आणि उत्तरांत एक-दोन चुका निघतात. दहा हवी असतील तर पंधरा मागा आणि पाच फेका.

हक्कांचा प्रश्न

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेल्या प्रतींना सूट आहे. वर्गापुरती झेरॉक्स त्यात बसते. तीच फाइल स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर किंवा शंभर शाळांच्या ग्रुपवर टाकणं ही वेगळी गोष्ट. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'एनसी' असेल तर विकायची नाही, 'एनडी' असेल तर बदल करून पुढे पाठवायची नाही.

ठेवायचं कसं

लिंक जपू नका, फाइल जपा, लिंका मरतात. व्हॉट्सॲपवर आलेली वर्कशीट दोन आठवड्यांनी सापडत नाही. नावात इयत्ता, चूक आणि पातळी घालून ड्राइव्हवर टाका: '६, पास्ट निगेटिव्ह, ए१'. मूळ साइटचं नावही त्यातच. तास झाल्यावर वर्गात काय अडलं ते त्याच फाइलच्या नावाला जोडा. 'प्रश्न ४ गाळा', 'अर्धा तास पुरत नाही', 'शेवटचे दोन फक्त जोडीने'.