अपूर्णांक आधी हातात, मग वहीत

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी अंश आणि छेद हे शब्द बरेच उशिरा सांगते. आधी कात्री आणि कागद.

वेगवेगळ्या रंगांच्या पाच पट्ट्या घ्या, प्रत्येक ३२ सेंटिमीटर लांब, ४ रुंद. एवढ्या लांबीचे सोळा भाग केले तरी तुकडा २ सेंटिमीटरचा राहतो, लहान बोटांना उचलता येतो. एक पट्टी अखंड ठेवायची. बाकीच्यांचे दोन, चार, आठ आणि सोळा समान भाग मुलांनीच घडी घालून करायचे. आयते कापून देऊ नका. कडा जुळल्या नाहीत की मूल आपणहून म्हणतं, "हे सारखे नाहीत." अपूर्णांकाचा पाया तिथेच पडतो. मग प्रत्येक तुकड्यावर १/२, १/४, १/८, १/१६ लिहून घ्यायचं.

आता फासा. सहा बाजूंवर कागद चिकटवून १/२, १/४, १/८, १/८, १/१६, १/१६ असं लिहा. पडेल तो तुकडा अखंड पट्टीवर ठेवायचा, जे मूल आपली पट्टी आधी बरोबर झाकेल ते जिंकलं. तुकडा बाहेर जात असेल तर पाळी सोडायची.

खरी मजा उलट्या खेळात. पट्टीवर दोन अर्धे ठेवून सुरुवात करायची आणि पडेल तेवढं काढत जायचं. १/८ पडलं, पण समोर तर अर्धेच आहेत! मग एक अर्धा देऊन चार अष्टमांश घ्यावे लागतात. या अदलाबदलीची घाई करू नका, उत्तर सुचवू नका. मूल तुकडे शेजारी लावून पाहतं, पुन्हा पाहतं, आणि सममूल्य अपूर्णांक त्याला नियमाशिवाय कळतात.

आठ हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून १/८ मोठा, असं बहुतेक मुलं म्हणतात. तेव्हा दोन्ही तुकडे एकावर एक ठेवायला सांगा, बस्स. एकदा मुद्दाम १६ सेंटिमीटरची पट्टीही आणा. तिचा अर्धा मोठ्या पट्टीच्या १/४ एवढाच भरतो. "कशाचा अर्धा?" हा प्रश्न मग मुलंच विचारू लागतात.

हे जमलं की दोरी बांधून दोन टोकांना ० आणि २, मध्ये १ अशी कार्डं चिमट्याने लावा. ३/४ कुठे, ५/४ कुठे, यावर भरपूर वाद होऊ द्या.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी सोळाची पट्टी वगळा. फाशावरच्या १/१६ च्या जागी १/४ आणि १/८ लिहिलं की झालं.