सूर्योदयाच्या वेळा जुळत नाहीत? या चुका टाळा

पंचांगात एक वेळ, मोबाइलवर दुसरी, की लगेच निकाल: पंचांग चुकलं. बहुतेकदा दोन्ही बरोबर असतात, फक्त 'सूर्योदय' कशाला म्हणायचं ते वेगळं धरलेलं असतं. ॲप सहसा बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते तो क्षण घेतात. हवेत प्रकाश वाकतो (वक्रीभवन), त्याच्या ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सूर्यबिंबाच्या त्रिज्येच्या १६. म्हणजे मध्यबिंब (बिंबाचा मध्य) क्षितिजाच्या ५० कला खाली असतानाच सूर्य उगवला. काही पंचांगं वक्रीभवन सोडून मध्यबिंबाचा उदय देतात. ठाण्याच्या अक्षांशावर याचा फरक साडेतीन मिनिटं, जून-डिसेंबरात चारच्या जवळ.

ओळखायचं कसं? सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही ताडून पाहा. दोन्हींपैकी एकात सूर्योदय उशिरा पण सूर्यास्त लवकर असेल, तर फरक व्याख्येचा किंवा अक्षांशाचा. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकल्या असतील, तर रेखांशाचा. एवढं न बघता सूत्रं उकरत बसणाऱ्यांना काय म्हणावं!

दुसरी चूक त्याहून हट्टी. राष्ट्रीय पंचांगातल्या वेळा ८२°३०′ पूर्व, २३°११′ उत्तर या मध्यवर्ती स्थानाच्या असतात. ठाणे तिथून साडेनऊ अंश पश्चिमेला, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून सरसकट ३८ मिनिटं मिळवायची, हा लाडका शॉर्टकट. ठाण्यातल्या एका सोसायटीने आवारातल्या दिव्यांचा टायमर असाच वर्षभरासाठी लावला. सप्टेंबरात सगळं चोख. डिसेंबरात दिवे सूर्यास्ताच्या ८ मिनिटं आधी लागू लागले, जूनमध्ये ८ मिनिटं उशिरा. टायमर बदलला, वायरमनला बोल लावले. दोष अक्षांशाचा होता. आपण त्या स्थानाच्या चार अंश दक्षिणेला आहोत, म्हणून सूर्यास्ताला डिसेंबरात ४६ मिनिटं मिळवावी लागतात, जूनमध्ये ३०. सूर्योदयाला नेमकं उलट. त्यापेक्षा ठाण्याचेच अक्षांश-रेखांश घालून नव्याने गणित करावं. घाई असेल तर तेच जास्त लवकर होतं.

ठाण्याचा रेखांश ७२°५८′ हा ७२.५८ असा भरू नका, ५८ हे साठातले आहेत. ७२.९७ भरा, नाहीतर दीड मिनिट गेलं.

ठाण्यासाठी कुलाब्याची वेळ चालते, फरक फार तर मिनिटाच्या आसपास. पुण्याची चालत नाही.

सेकंद काही ठिकाणी सरळ कापतात, काही ठिकाणी पूर्णांकात घेतात. एका मिनिटावरून वाद घालू नका.

आणि ऐरोलीत सूर्य पारसिकच्या डोंगरामागून उशिरा दिसला म्हणून ॲपला नावं ठेवू नका. गणित मोकळ्या क्षितिजाचं असतं. डोंगर ३ अंश वर आला असेल, तर जवळपास १३ मिनिटं तिथेच जातात.