जुने घर घेऊन, नीट करून विकायचे तर: कुदळ उचलण्याआधीची तयारी

गोव्यात जुने घर घ्यायचे तर पहिल्या दिवशी घराची किल्ली मागू नका, एक-चौदाचा उतारा मागा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. तिथे मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला त्या घरातून सहजासहजी हलवता येत नाही आणि ते घर विकत घेण्याचा हक्कही त्यालाच आहे. मग सर्व्हे प्लॅन काढा. घर त्यावर आखलेले आहे का, दारापर्यंतची वाट कोणाच्या जागेतून येते, हे तिथेच कळते. घरपट्टीची पावती दाखवून कोणी मालकी सांगू लागला तर उठून या. इथे नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक धरतात, म्हणून दोघांच्याही सह्या लागतात. मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही. एक भाऊ मुंबईत, एक बहीण बेळगावात असली की सह्या गोळा होईपर्यंत एक पावसाळा सहज जातो. तो वेळ आधीच हिशेबात धरा.

हिशेब विक्रीच्या किमतीपासून मागे करत या. त्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, तसलीच दुरुस्त घरे खरोखर कितीला गेली ते विचारा. लोक सांगतात ती किंमत आणि मिळते ती किंमत यांत बरेच अंतर असते. समजा ५५ लाख. त्यातून दुरुस्ती ९ लाख, अडीअडचणीसाठी दीड लाख, मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली आणि व्याज मिळून ५ लाख, आपला नफा ६ लाख वजा करा. उरले साडेतेहतीस. मालक चाळीसवर अडून बसला तर घर कितीही आवडलेले असो, सोडून द्या. घेतलेच, तर प्रत्येक सामानाचे बिल जपून ठेवा. २४ महिन्यांच्या आत विकलेल्या घराचा नफा अल्प मुदतीचा ठरतो आणि वारंवार विकत असाल तर धंद्याचे उत्पन्नही धरले जाऊ शकते, म्हणून चार्टर्ड अकाउंटंटला सौद्याआधीच भेटा. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापते, तेही लक्षात असू द्या.

घर पाहायला जुलैत जा. मे महिन्यात प्रत्येक घर चांगले दिसते. आमचा सुतार कुठल्याही घरात पाऊल टाकताच म्हणतो, “पयलीं पाखें, मागीर रंग.” म्हणजे आधी छप्पर, मग रंग. त्याचे ऐका. भर दुपारी आतले दिवे मालवून वर बघा; कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील तिथे पाणी येते. पण खरा खर्च कौलांत नसतो, कौले बदलणे स्वस्त. खर्च वाशांत असतो. शिडी लावून वळचणीला जा आणि जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. धड लाकडात टोक जेमतेम रुतते. शेवटच्या घरात एका वाशात तो मुठीपर्यंत गेला, भिजलेल्या गुळात जावा तसा, आणि आतून वाळवीची माती गळली. असे वासे मोजा, खडूने खूण करा आणि तेवढेच बदला. मत्ती-किंदळाचे जुने लाकूड धड असेल तर त्याच्या जागी नवे आणून फायदा होत नाही. कौले उतरवलीच आहेत तर धड निघालेली पुन्हा वापरा, पुढच्या बाजूला जुनी आणि मागे नवी, म्हणजे पुढचा रंग एकसारखा दिसतो.

ओल ही दुसरी गोष्ट आणि तिथे मी चांगलाच पोळलो आहे. डिचोलीकडच्या एका घरात चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींवर सिमेंटचा गिलावा होता. त्याच्यावर मी पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला. मेमध्ये घर आरशासारखे दिसत होते. जुलैत कंबरेपर्यंत रंग फुगला, गिऱ्हाइकाने बोट लावले तर तळहाताएवढी खपली खाली आली. दोन लाख कमी करून विकावे लागले. चिरा पाणी पितो आणि त्याला ते बाहेर सोडायलाही वाट लागते. सिमेंट आणि प्लास्टिक ती वाट बंद करतात. आता मी आधी बाहेर बघतो. वर्षानुवर्षे साचलेल्या मातीने अंगण आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेले असते. ती माती काढा, घराभोवती गटार करून उतार बाहेर द्या, खालचा गिलावा काढून चुन्याचा करा, वर चुन्याचा रंग द्या. यात मजुरीच जास्त आहे, सामान थोडे, आणि घर वाचते ते यानेच.

मग संडास. जुन्या घरांत तो परसात असतो आणि म्हातारी माणसे असलेले कुटुंब तेवढ्यावरून घर नाकारते. मागच्या पडवीचा कोपरा, आहे त्याच छपराखाली, न्हाणी-संडासासाठी घ्या; इतका वसूल होणारा दुसरा खर्च मला माहीत नाही. शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवा. पंचायतीचा दुरुस्ती परवाना कौलांना हात लावण्याआधी हातात असावा. भिंतीची उंची वाढवणे किंवा खोली जोडणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, त्याला वेगळी परवानगी लागते.

वायरिंग पूर्ण नवे करा, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, धरून. इथे काटकसर करायचा आपल्याला हक्क नाही, त्या घरात लेकरे राहणार आहेत. स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा, दोन फूट टाइल्स आणि एक चांगली खिडकी पुरते. मोझेइक किंवा लाल सिमेंटची जमीन पॉलिश करा, फोडू नका. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, सजवलेले फाटक यांचे पैसे परत येत नाहीत. फॉल्स सीलिंगने तर कौलांची गळती दिसेनाशी होते आणि उंदीर वाढतात. कौले काढून स्लॅब टाकण्याचा विचारही करू नका, मातीच्या सांध्यांच्या भिंती ते वजन पेलायला बांधलेल्याच नसतात.

एक गोष्ट मात्र खर्च नसून जपायची असते. देवाच्या खोलीत गणपतीच्या जागेवर, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगायची चौकट, बांधण्यासाठी जुन्या माणसांनी तुळईला ठोकलेले हूक असतात. रंगाऱ्याला ते काढू देऊ नका. आमच्याकडची गृहिणी घर पाहायला आली की आधी वर बघते आणि चवथीला माटोळी कुठे येईल ते मनात मांडते.

काम दिवाळीनंतर सुरू करा, कौले मार्चपर्यंत चढवा, मेच्या मध्यापर्यंत झाडलोट. आणि गिऱ्हाइकाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोलवा, पाऊस लागलेला असताना. वळचणीच्या पागोळ्या गटारात पडताना त्यांना दिसू द्या. मग आत नेऊन म्हणा, भिंतीला हात लावून बघा.